जुलैत फ्रीडेल-क्राफ्ट्स का लागत नाही: नागपूरच्या लॅबमधल्या नेहमीच्या तक्रारीवर थोडं सविस्तर

दरवर्षी जुलै उजाडला की हेच होतं. एमएस्सीचं ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल सुरू होतं, पोरं ॲनिसोल, ॲसिटाइल क्लोराइड आणि ॲल्युमिनियम क्लोराइड घेऊन फ्रीडेल-क्राफ्ट्स रिॲक्शनने, म्हणजे ॲनिसोलच्या बेंझिन रिंगवर ॲसिटाइल गट बसवून, ४-मेथॉक्सीॲसिटोफिनोन हा कीटोन बनवायला बसतात, तास-दोन तास ढवळतात आणि मग टीएलसीची (मिश्रणातले पदार्थ वेगळे ठिपके करून दाखवणारी) प्लेट हातात घेऊन येतात, सर रिॲक्शन लागूनच नाही राहिली, म्हणजे होतच नाही, नुसतं स्टार्टिंग मटेरियल दिसून राहिलं. आणि त्यांच्याच सीनियरनी हीच प्रोसिजर, ह्याच बाटल्या वापरून मार्चमधे मस्त यील्ड काढलेली असते. मग कोणी म्हणतं ॲनिसोल खराब आहे, कोणी म्हणतं प्रोसिजरच चुकीची छापली आहे, कोणी सल्ला देतं की गरम करून रात्रभर ठेवून दे. हा शेवटचा सल्ला तर अजिबात ऐकू नका, का ते पुढे सांगतो.

माझं मत असं की बहुतेक वेळा जुलैत नवीन काहीच बिघडलेलं नसतं. तेच ढिसाळ वजन करणं, तीच अर्धवट सुकलेली काच मार्चमधेही होती, फक्त आपली नागपूरची उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी असते की ती हे सगळं खपवून घेते, आणि पाऊस लागला की तीच सवय अंगाशी येते. त्यामुळे दुरुस्ती करायची ती सवयीची, प्रोसिजरला हात लावायची गरज नाही.

आधी थोडी थिअरी, पटकन. १८७७ साली पॅरिसमधे फ्रीडेल आणि क्राफ्ट्स ह्या दोघांनी ही रिॲक्शन मांडली, तेव्हापासून तिचा गाभा तोच आहे. ॲल्युमिनियम क्लोराइड हे लुईस ॲसिड, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी घेणारं, ते ॲसिटाइल क्लोराइडमधला क्लोरीन ओढतं, ॲसिलियम आयन तयार होतो, तो रिंगवर बसतो, प्रोटॉन निघून जातो. पण इथे लोक एक गोष्ट विसरतात, की तयार झालेला कीटोन स्वतःच ॲल्युमिनियम क्लोराइडला घट्ट धरून बसतो आणि सोडत नाही, म्हणून हे कॅटॅलिस्ट म्हणून चिमूटभर टाकून चालत नाही, पूर्ण एक इक्विव्हॅलंट (म्हणजे ॲसिटाइल क्लोराइडइतकेच मोल) आणि वर थोडं जास्त लागतं. ॲसिड क्लोराइडऐवजी (इथे ॲसिटाइल क्लोराइड) ॲसिटिक ॲनहायड्राइड वापरलं तर दोनपेक्षा जास्त इक्विव्हॅलंट लागतात, कारण सोबत निघणारं ॲसिटिक ॲसिडही त्यातला वाटा खातं. कोणीतरी ॲसिड क्लोराइडची प्रोसिजर समोर ठेवून त्यात ॲनहायड्राइड टाकतो आणि ॲल्युमिनियम क्लोराइड तेवढंच ठेवतो, मग रिॲक्शन अर्ध्यावर अडकते आणि तिथे हवेचा काही दोष नसतो. म्हणून सगळ्यात आधी हा हिशोब बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता पाण्याचा हिशोब. समजा ५.४ ग्रॅम ॲनिसोल घेतलं, म्हणजे ५० मिलीमोल. ॲसिटाइल क्लोराइड ४.३ ग्रॅम, म्हणजे ५५ मिलीमोल. ॲल्युमिनियम क्लोराइड ८ ग्रॅम, म्हणजे ६० मिलीमोल. म्हणजे ॲसिटाइल क्लोराइडच्या वर तुमच्याकडे जेमतेम ५ मिलीमोल शिल्लक. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ मिली धरा, त्यात २.८ मिलीमोल पाणी असतं. एक पाण्याचा रेणू एका ॲल्युमिनियमला अडवून बसला असं धरलं तरी दोन थेंबांत तुमची सगळी शिल्लक खल्लास, आणि तेच पाणी ॲसिटाइल क्लोराइडवर गेलं तर तिकडचा ५ मिलीमोलचा जादा साठा संपतो. फक्त दोन थेंब! फ्लास्कच्या तळाशी, जॉइंटच्या ग्रीसमधे, ड्रॉपिंग फनेलच्या कॉकमधे दोन थेंब सहज लपून राहतात.

हवेत किती पाणी असतं तेही बघून घ्या, कारण ह्यात एक गंमत सापडते. जुलैत पाऊस पडून राहिलेला असताना २८ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाणी येतं. मेमधल्या दुपारी ४४ डिग्री आणि १५ टक्के धरलं तर साधारण ९ ग्रॅम. म्हणजे जुलैची हवा अडीचपट ओली. पण मेमधेच लॅबमधे कूलर चालू केला, खसच्या टाट्या भिजवल्या आणि खोलीतली हवा ३० डिग्री, ७० टक्क्यांवर आणली की घनमीटरला २१ ग्रॅम! म्हणजे जवळपास जुलैच. आपल्याकडे कूलर नसलेली लॅब शोधावी लागेल, आणि वजनाचा काटा नेमका कूलरच्या झोतात ठेवलेला असतो कारण तिथे उभं राहायला बरं वाटतं. त्यामुळे 'आमची तर मेमधे पण फसली' असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, काटा कुठे आहे. वजन करताना पंधरा मिनिटं कूलर बंद ठेवा किंवा काटा दुसऱ्या खोलीत न्या, घाम येईल पण रिॲक्शन लागेल.

ह्याच हिशोबातून अजून एक गोष्ट निघते. २५० मिलीच्या फ्लास्कमधे भरलेल्या हवेत जुलैतसुद्धा फक्त ६ मिलीग्रॅमच्या आसपास पाणी असतं, ते काही रिॲक्शन बुडवत नाही. म्हणजे आर्गन नाही, नायट्रोजनची लाइन नाही म्हणून रिॲक्शन होत नाही हे कारण खरं नाही, साध्या गार्ड ट्यूबवर (हवेतली ओल अडवणारी, कॅल्शियम क्लोराइड भरलेली नळी) ही रिॲक्शन नीट होते. पाणी येतं ते ॲल्युमिनियम क्लोराइडच्या पावडरवरून, काचेवरून, सॉल्व्हंटमधून आणि थंड वस्तूंवर जमणाऱ्या दवातून. हे चार रस्ते बंद केले की झालं.

पावडरपासून सुरू करू. कपाटातली बाटली काढा आणि लेबल नीट वाचा. ॲनहायड्रस लिहिलंय की हेक्साहायड्रेट? हसू नका, दोन्ही पांढऱ्या-पिवळट, दोन्हींवर मोठ्या अक्षरात ॲल्युमिनियम क्लोराइडच लिहिलेलं असतं, आणि हेक्साहायड्रेटने ही रिॲक्शन कधीच होणार नाही, कितीही टाका. लेबल उडालं असेल तर चाचणी सोपी आहे. गॉगल घालून, फ्यूम हूडमधे (धूर बाहेर ओढणाऱ्या कपाटात), तांदळाच्या दाण्याएवढा कण चिमट्याने परीक्षानळीतल्या थोड्या पाण्यात सोडा, तोंड आपल्याकडे नको. ॲनहायड्रस चांगलं असेल तर चर्रर्र आवाज करून धूर सोडतं आणि नळी गरम होते. चुपचाप विरघळलं तर ते हायड्रेट आहे किंवा मेलेलं ॲनहायड्रस आहे, दोन्ही आपल्या कामाचे नाहीत. रंगाने घाबरू नका, हलका पिवळा रंग बहुतेक वेळा लोखंडाच्या क्लोराइडचा असतो आणि त्याने ह्या रिॲक्शनचं फारसं बिघडत नाही. खरी काळजी आहे ती वरच्या पांढऱ्या-करड्या खरपुडीची. बाटली उघडल्यावर वरचा थर ढेकळासारखा घट्ट झालेला असेल तर तो बाजूला काढून आतलं घ्या, आणि आतलंही दगडासारखं असेल तर नवीन बाटली मागवा. आणि हो, जुनी बंद बाटली उघडताना आत एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) वायूचा दाब जमलेला असतो, झाकण हूडमधेच हळूहळू सैल करा, चेहरा दूर ठेवून.

वजन करायची पद्धत मात्र आजपासून बदला. बटर पेपरवर पावडर टाकून ८.०० येईपर्यंत चमच्याने कण कण काढत-टाकत बसायचं, हे जुलैत चालत नाही. काटा स्थिर होईपर्यंत तुमच्या डोळ्यांसमोर पावडरवरून धूर निघत असतो, तो धूर म्हणजेच तुमचं ॲल्युमिनियम क्लोराइड हवेतलं पाणी पिऊन एचसीएल सोडून राहिलंय. त्यापेक्षा झाकण असलेली कोरडी वेइंग बॉटल आधी रिकामी तोला, बाटलीतून अंदाजाने दोन-तीन चमचे भरा, झाकण लावा, पुन्हा तोला. ७.९ आलं काय आणि ८.४ आलं काय, काही फरक पडत नाही, जे आलं ते वहीत लिहा आणि ॲसिटाइल क्लोराइड त्या हिशोबाने थोडं कमी-जास्त घ्या. मूळ बाटलीचं झाकण लगेच घट्ट, आणि पॅराफिल्म. एका बाटलीवर बारा पोरं रांगेने वजन करणार असतील तर बाराव्याला जे मिळतं ते पहिल्याला मिळालेलं नसतं. म्हणून मी सकाळी कोरड्या वेळी एकदाच छोट्या स्क्रू कॅपच्या बाटल्यांमधे वाटून डेसिकेटरमधे ठेवायला सांगतो, ज्याची त्याने उचलायची.

काच. ओव्हनमधे १२० डिग्रीला दोन-तीन तास, आणि गरम असतानाच जोडणी करून गार्ड ट्यूब लावून मग थंड करायची. लोक काय करतात, ओव्हनमधून काढून टेबलावर अर्धा तास थंड व्हायला मोकळी ठेवतात आणि मग जोडतात, म्हणजे सुकवलेल्या काचेवर जुलैची हवा पुन्हा बसते. दुसरी सवय म्हणजे घाईत ॲसिटोनने खंगाळून हवेवर सुकवणं. ॲसिटोन स्वतः कीटोन आहे, ते राहिलं तर ॲल्युमिनियम क्लोराइडला धरतं आणि त्याच्यासोबत स्वतःही चिकट घाण तयार करतं. ह्या रिॲक्शनसाठी ॲसिटोन खंगाळून झाल्यावरही ओव्हन लागतोच. गार्ड ट्यूबमधला कॅल्शियम क्लोराइड मागच्या वर्षीचा, गोठून एकजीव झालेला असेल तर तो नुसता दाखवायला आहे, आणि घट्ट बसला असेल तर धोकाही आहे, कारण ह्या रिॲक्शनमधून एचसीएल निघतो आणि त्याला बाहेर जायला वाट हवीच. नवीन दाणे भरा, दोन्हीकडे काचलोकर सैल. पुढे रबरी नळीने फनेल लावून ते कॉस्टिकच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणाच्या पृष्ठभागापासून जरा वर टांगा, बुडवू नका, नाहीतर द्रावण उलटं खेचलं जातं आणि फ्लास्कमधे आलं तर मोठा प्रसंग होतो.

सॉल्व्हंट म्हणजे डायक्लोरोमिथेन. ड्रममधून काढलेल्या साध्या ग्रेडमधे पाणी तर असतंच, शिवाय काही कंपन्या स्टॅबिलायझर म्हणून अल्कोहोल घालतात, ते ॲसिटाइल क्लोराइडशी सरळ एस्टर बनवून मोकळं होतं. लेबलवर स्टॅबिलायझर कुठला ते बघा, ॲमिलीन असेल तर बरं. ॲनहायड्रस कॅल्शियम क्लोराइडवर रात्रभर ठेवलं तर पाणी आणि बरंचसं अल्कोहोल दोन्ही कमी होतं, प्रॅक्टिकलसाठी तेवढं पुरतं. कॅल्शियम हायड्राइडवरून डिस्टिल केलं तर उत्तम. मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे दाणे) वापरत असाल तर ती मफल फर्नेसमधे ३०० डिग्रीच्या आसपास तापवलेली हवी, साध्या ओव्हनमधे १२० ला ठेवलेली सीव्ह पाणी सोडत नाही, मग ती सॉल्व्हंटमधलं काय घेणार. आणि क्लोरीन असलेलं कुठलंही सॉल्व्हंट सोडियमच्या तारेवर कधीही, कधीही सुकवायचं नाही. ईथर सोडियमवर सुकवतात म्हणून हेही तसंच असं समजून कोणी करू गेलं तर स्फोट होऊ शकतो. नवीन पोरांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

चौथा रस्ता दवाचा, आणि जुलैतला हाच सगळ्यात कमी लक्षात येतो. २८ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर २५ डिग्रीच्या आसपास दव पडतं. म्हणजे बर्फात ठेवलेल्या फ्लास्कची मान, फ्रीजमधून काढलेली ॲसिटाइल क्लोराइडची बाटली, थंड पिपेट, सगळ्याला बाहेरून घाम फुटतो. फ्लास्कच्या मानेवरचं पाणी जॉइंटच्या कडेला गोळा होतं, आणि तुम्ही अजून थोडं ॲल्युमिनियम क्लोराइड टाकायला स्टॉपर उचलला की ते थेट आत. नीट जवळून बघा एकदा, बर्फात दहा मिनिटं राहिलेल्या फ्लास्कच्या जॉइंटभोवती पाण्याची बारीक कडी दिसते. उघडण्याआधी टिश्यूने पुसा, आणि मुळात उघडावं लागू नये अशीच जोडणी करा, म्हणजे द्रवाची भर ड्रॉपिंग फनेलमधून आणि पावडर बर्फ लावण्याआधीच आत. ॲसिटाइल क्लोराइडची बाटली फ्रीजमधून काढली तर खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. मेमधे मात्र उलटं, ते ५१ डिग्रीला उकळतं, लॅब ४४ वर असताना बाटलीत दाब असतो आणि मोजपात्रातून ते उडून जातं, तेव्हा जरा थंडच घ्यावं आणि कोरड्या सिरिंजने घ्यावं. ऋतू बदलला की पद्धत बदलते.

आता चालू रिॲक्शनमधे कुठे बिघडलं हे कसं ओळखायचं. मी ज्या क्रमाने सांगतो त्याने करा, कारण त्यात प्रत्येक पायरीला फ्लास्कच तुम्हाला सांगतो. आधी डायक्लोरोमिथेनमधे ॲल्युमिनियम क्लोराइड. ते फारसं विरघळत नाही, तळाशी पावडर राहते, हे बरोबर आहे. मग बर्फात ठेवून ॲसिटाइल क्लोराइड थेंब थेंब. कोरडं असेल तर दोघांचा कॉम्प्लेक्स बनून पावडर विरघळायला लागते आणि थोड्या वेळात फिकट पिवळसर, जवळपास नितळ द्रावण होतं. ह्या पायरीला एचसीएल निघायचं काही कारणच नाही, कारण रिंग अजून आलेली नाही. म्हणून गार्ड ट्यूबच्या तोंडाशी ओला निळा लिटमस धरा. ॲनिसोल टाकायच्या आधीच लिटमस भसकन लाल झाला आणि तळाशी करडा चिखल तसाच राहिला, तर पाणी आत आहे. तिथेच थांबा. ॲनिसोल वाया घालवू नका, वही बंद करू नका, काच पुन्हा सुकवा आणि पुन्हा सुरू करा. बहुतेक पोरं इथे 'धूर येतोय म्हणजे रिॲक्शन चालू आहे' असं समजून खूष होतात, आणि हाच गैरसमज सगळ्यात जास्त वेळ खातो. धूर कधी येतो ते महत्त्वाचं. ॲनिसोल थेंब थेंब टाकायला लागल्यावर, पाच डिग्रीच्या आत ठेवून, तेव्हा जो एचसीएल निघतो तो खरा, आणि सोबत रंग पिवळ्यावरून नारिंगीकडे जातो.

नितळ द्रावण झालं, ॲनिसोल टाकल्यावर धूर आला आणि तरी टीएलसीवर स्टार्टिंग मटेरियल दिसतं? मग आधी टीएलसीच नीट करा. रिॲक्शनमधून काढलेला थेंब सरळ प्लेटवर लावू नका, ॲल्युमिनियमचा कॉम्प्लेक्स बेसलाइनवर चिकटून बसतो आणि प्रॉडक्ट दिसतच नाही. छोट्या नळीत बर्फ आणि सौम्य एचसीएलमधे तो थेंब टाकून, थोड्या इथाइल ॲसिटेटने काढून, तो वरचा थर लावा. हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट चारास एक घेतलं की ॲनिसोल वर पळतं, कीटोन बराच खाली राहतो, दोन्ही २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली दिसतात. दुसरा घोळ असा, की ॲनिसोल प्लेटवरून उडून जातं, विशेषतः उन्हाळ्यात, त्यामुळे प्लेट सुकवत बसलात तर ॲनिसोल संपलंय असा खोटा आनंद होतो. ठिपका जरा जाड लावा, प्लेट बाहेर काढली की लगेच बघा.

गरम करून रात्रभर ठेवायचं का नाही, ते आता. ॲल्युमिनियम क्लोराइड तापवलं की ते ॲनिसोलमधला मिथाइल ईथर तोडतं आणि मेथॉक्सीच्या जागी फिनॉल उरतो. म्हणजे रिॲक्शन पुढे रेटायच्या नादात तुमच्याकडे ४-हायड्रॉक्सीॲसिटोफिनोन आणि काळपट डांबर जमतं. तसं झालं असेल तर कळतं, कॉस्टिकने धुतलेलं पाणी फेकायच्या आधी ॲसिड टाकून बघा, फिनॉल असेल तर ते तिथे गढूळ होऊन खाली बसतं आणि फेरिक क्लोराइडने रंग देतं. ॲनिसोलची रिंग मेथॉक्सीमुळे इतकी ॲक्टिव्ह असते की नीट कोरड्या अवस्थेत तिला उष्णता लागतच नाही, थंडीतच तास-दीड तासात काम होतं. लागत नसेल तर कारण पाणी किंवा इक्विव्हॅलंट, तापमानाने त्यावर औषध होत नाही.

वर्कअपमधे एकच तक्रार येते, सेपरेटिंग फनेलमधे पांढरी जेलीसारखी गोष्ट अडकली, थर सुटत नाहीत. ती ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची जेली. कारण, ॲसिड कमी पडलं किंवा बायकार्बोनेटने धुवायची घाई केली. रिॲक्शन मिक्स्चर बर्फ आणि तीव्र एचसीएलच्या मिश्रणात हळूहळू ओता, वरच्या मापाला साधारण ५० ग्रॅम बर्फ आणि १० मिली ॲसिड, हूडमधे, आणि सगळा गढूळपणा जाईपर्यंत ढवळा. जेली आलीच तर अजून एचसीएल टाकला की विरघळते. ॲसिडचा थर काढून टाकल्यावर एकदा पाण्याने, आणि मगच बायकार्बोनेट. मेमधे फनेल हलवताना फार जपा, डायक्लोरोमिथेन ४० डिग्रीला उकळतं आणि तुमची खोली त्याच्या वर आहे, त्यात बायकार्बोनेटचा वायू, स्टॉपर उडतो. दर दोन हिसक्यांनंतर कॉक उघडून दाब सोडा. आणि काढलेलं डायक्लोरोमिथेन बेसिनमधे ओतू नका, क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटची वेगळी बाटली ठेवा.

आता मेमधली खास नागपुरी तक्रार, आणि ही मला फार जवळची वाटते कारण इथे पोरांची रिॲक्शन खरं तर पास झालेली असते. सॉल्व्हंट काढलं, फ्लास्कमधे पिवळसर तेल राहिलं, पुस्तकात लिहिलंय पांढरा घन पदार्थ, म्हणून पोरगं वहीत 'रिॲक्शन फेल' लिहून मोकळं. अरे बाबा, ४-मेथॉक्सीॲसिटोफिनोनचा मेल्टिंग पॉइंट ३६ ते ३८ डिग्री आहे! आपल्याकडे मेमधे खोलीच ४० च्या वर असते, ते घन होणार कसं? तेल म्हणून फेकू नका. फ्लास्क बर्फात ठेवा, काचेच्या कांडीने आतून खरवडा, मागच्या बॅचचा एखादा स्फटिक असेल तर सीड म्हणून टाका, बघता बघता सगळं गोठतं. हेक्झेनमधून थंड करून स्फटिक करा, पण गाळताना बुखनर फनेल आणि हेक्झेन दोन्ही बर्फात थंड केलेले हवेत, नाहीतर तुमच्या डोळ्यांदेखत प्रॉडक्ट वितळून फिल्टर पेपरमधून खाली जातं. सुकवायला ओव्हनमधे ६० ला ठेवलं तर वॉच ग्लासवर पुन्हा तेलच मिळणार, डेसिकेटर वापरा. मेल्टिंग पॉइंटचं यंत्र तर मेमधे सुरूच ४० वरून होतं, त्यावर हा पॉइंट घेता येत नाही. अशा वेळी ह्या कीटोनपासून ऑक्झाइम हा दुसरा घन पदार्थ बनवा, त्याचा मेल्टिंग पॉइंट ८७ च्या आसपास येतो, तो कुठल्याही महिन्यात घेता येतो. घाईत असाल तर २,४-डीएनपीने (कीटोन ओळखायचं रसायन) नारिंगी गाळ येतो का आणि आयोडोफॉर्म चाचणी (मिथाइल कीटोनची) पॉझिटिव्ह आहे का एवढं तरी बघा.

बर्फात ठेवूनही गोठत नसेल तर मग खरंच काहीतरी मिसळलेलं आहे, आणि ते बहुतेक वेळा उरलेलं ॲनिसोल असतं. ते १५४ डिग्रीला उकळतं, त्यामुळे डायक्लोरोमिथेन काढताना ते निघत नाही, मागे राहतं आणि मेल्टिंग पॉइंट पाडतं. बडीशेपेसारखा वास येत असेल तर ते आहे. एनएमआरची (रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवणाऱ्या यंत्राची) सोय असेल तर पटकन कळतं, प्रॉडक्टमधे २.५५ पीपीएमला ॲसिटाइलचा आणि ३.८६ ला मेथॉक्सीचा सिंगलेट, आणि ६.९ व ७.९ ला दोन डबलेट, बस. आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रममधे कार्बोनिल १६७५ च्या आसपास. ॲरोमॅटिक भाग ह्यापेक्षा गिचमीड दिसत असेल तर ॲनिसोल किंवा थोडा ऑर्थो आयसोमर (ॲसिटाइल गट मेथॉक्सीच्या शेजारी बसलेला) आहे, हा आयसोमर द्रवरूप असतो आणि थंड हेक्झेनमधे मागे राहतो.

हे सगळं का इतकं लावून धरतो, तर ही रिॲक्शन फक्त प्रॅक्टिकलची नाही. आयबुप्रोफेन बनवायची सुरुवातच आयसोब्युटाइलबेंझिनच्या ॲसिटायलेशनने होते. इथून पास होऊन बुटीबोरी, हिंगण्याकडे किंवा अजून लांब फार्मा कंपनीत जाणाऱ्या पोरांना बॅच का फसली हे शोधावंच लागणार आहे, तिथे बाटली ५०० ग्रॅमची नसते, अख्खं पोतं असतं, आणि पाणी तेच असतं.

कोणी दुसरी रिंग घेऊन प्रयत्न करत असेल तर एवढं बघून घ्या. नायट्रोबेंझिनवर हे कधीच लागणार नाही, नायट्रो गट रिंग इतकी थंड करतो की नायट्रोबेंझिन ह्या रिॲक्शनला सॉल्व्हंट म्हणून वापरतात. ॲनिलिन सरळ घेऊ नका, नायट्रोजनच ॲल्युमिनियम क्लोराइडला आणि ॲसिटाइल क्लोराइडला धरून बसतो, आधी ॲसिटॅनिलाइड करा. फिनॉल घेतलं तर आधी ऑक्सिजनवर एस्टर बनतो. टोल्युइन चालतं, पण ते ॲनिसोलपेक्षा मंद आहे आणि ४-मिथाइलॲसिटोफिनोन २२-२४ डिग्रीला वितळतं, म्हणजे नागपुरात ते डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री सोडल्या तर द्रवच मिळणार, तिथे स्फटिकाची वाट बघू नका, सरळ व्हॅक्यूम डिस्टिलेशन लावा.